गंभीर चेहऱ्याने केलेली थट्टा

रॉक संगीताच्या बाबतीत मराठी मध्यमवर्गीय घरात साधारणपणे दोन पक्ष असतात. एक पक्ष ते ऐकत असतो आणि दुसरा शेजारच्या खोलीतून 'जरा आवाज कमी करा' म्हणत असतो. या दोन्ही पक्षांना एका रविवारी एकाच खोलीत बसवील अशी एखादी ध्वनिमुद्रिका सांगा, असे कोणी विचारले तर मी 'क्वीन' या इंग्रज चौकडीच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'चे नाव घेतो. २१ नोव्हेंबर १९७५ रोजी ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली. बारा गाणी, साधारण त्रेचाळीस मिनिटे. त्यातले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे एक गाणे जगाला ठाऊक आहे. लग्नाच्या स्वागतसमारंभात ते वाजते, सिनेमात वाजते, २०१८ साली तर त्या नावाचा सिनेमाच निघाला. एखाद्या घरातला एक मुलगा कलेक्टर व्हावा आणि बाकीच्या अकरा भावंडांची नावेसुद्धा कोणी विचारू नयेत, तसे या ध्वनिमुद्रिकेचे झाले आहे. आज त्या भावंडांची ओळख करून द्यायची आहे. कलेक्टरसाहेब शेवटी येतीलच.

आधी पाचगणीचा विषय संपवून टाकू. या चौकडीचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. झांजिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला. वडील तिथल्या सरकारी नोकरीत कॅशियर. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला समुद्रापलीकडे पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. तिथे तो पियानो शिकला, शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. १९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडात गेले. पाचगणीला सहलीला गेलेली आपली मंडळी ती शाळा एकमेकांना बोटाने दाखवतात, आणि त्यात काही वावगे नाही. पण या ध्वनिमुद्रिकेत पाचगणी शोधायला बसू नये. मर्क्युरी स्वतः त्या वर्षांबद्दल जाहीरपणे फारसे बोलला नाही. इथे जे आहे ते अस्सल विलायती आहे: जुन्या नाट्यगृहांतली हलकीफुलकी गाणी, समुद्रकिनाऱ्यावरची करमणूक, चर्चमधला समूहस्वर आणि कर्कश गिटार, सगळे एका पंगतीला.

बाकीचे तिघे कोण? गिटारवादक ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट टाकून आलेला. ढोल-झांजा सांभाळणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाला प्रवेश घेऊन मग जीवशास्त्राकडे वळलेला. बेस गिटार वाजवणारा, मितभाषी जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण. मर्क्युरी चित्रकलेच्या कॉलेजातला; मुखपृष्ठावरचे ते सिंह, खेकडा आणि पऱ्या असलेले राजचिन्ह त्यानेच चितारलेले, चौघांच्या राशींवरून. एवढी शिकलेली मुले नोकऱ्या सोडून हे काय करत होती, हा प्रश्न आपल्याला पडतो तसा मेच्या वडिलांनाही पडला होता. ते चांगलेच नाराज होते.

नाराजीला कारणही होते. १९७४ सालचे 'किलर क्वीन' इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले होते, तरी चौघे आठवड्याच्या पगारावर जगत होते आणि तो पगार तुटपुंजा होता. रेडिओवर गाणे गाजते आहे आणि डीकनला घरासाठी उचल मिळत नाही, अशी परिस्थिती. मी बँकेत कर्जविभागात बरीच वर्षे काढली. सही करणारा माणूस कागद वाचत नाही, पेन नीट चालते की नाही तेवढे पाहतो, हे तिथे रोज दिसे. या चौघांनीही तरुणपणी तशाच सह्या केल्या होत्या. १९७५ साली ते जुन्या व्यवस्थापनाच्या कचाट्यातून सुटले, पण हात रिकामे. नवे व्यवस्थापक जॉन रीड यांनी सांगितले की पैशाचे मी बघतो, तुम्ही जमेल तितकी उत्तम ध्वनिमुद्रिका करा. ही पडली असती तर चौघांचे चार रस्ते झाले असते. असा माणूस सहसा सावध खेळतो. चालून गेलेल्या गाण्यासारखी आणखी दहा गाणी करतो. यांनी केले ते उलटे. सहा-सात स्टुडिओ पालथे घातले, चार महिने घालवले, आणि त्या काळची सर्वांत खर्चिक रॉक ध्वनिमुद्रिका असा लौकिक तिला मिळाला. आणि एवढे सगळे पणाला लावून केले काय, तर थट्टा.

नावापासूनच थट्टा आहे. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा मार्क्स बंधूंचा १९३५ सालचा विनोदी चित्रपट. त्यात ही वात्रट भावंडे ऑपेरासारख्या प्रतिष्ठित कार्यक्रमाचा पार बोजवारा उडवतात. त्यातला बोटीच्या केबिनचा प्रसंग अनेकांना आठवत असेल: खोली खुराड्याएवढी, आणि आत एकामागून एक माणसे शिरतच राहतात, शेवटी कोणीतरी दार उघडते आणि सगळे बाहेर कोसळतात. ही ध्वनिमुद्रिका म्हणजे ती केबिन. आपल्याकडे पूर्वी रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात एकाच बैठकीत नांदी, विरहाचे पद, विनोदी पात्राचे चटकदार गाणे आणि लढाईचा आवेश हे सगळे निमूट स्वीकारणारा प्रेक्षक होता. त्याला हा प्रकार रॉकच्या कट्टर भोक्त्यापेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते.

ऐकायची कशी? एक पथ्य पाळा. गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय मोबाइलवर असते, ती बंद ठेवा. इथे एक गाणे दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून निघून जाते. क्रम मोडला की विनोद मोडतो. पहिलेच 'डेथ ऑन टू लेग्ज' घ्या. पियानोची खळखळ, मग गिटारची किंकाळी, आणि मग मर्क्युरी आधीच्या व्यवस्थापकाचे असे काही वाभाडे काढतो की ऐकणारा चपापतो. नाव कोणाचेच घेतलेले नाही. लागायचे त्याला लागले. (त्या गृहस्थांनी २०१३ साली आपली बाजू मांडणारे पुस्तक लिहिले आणि त्याचे नाव ठेवले 'लाइफ ऑन टू लेग्ज'. सूड घ्यावा तर असा.) हा संताप टिपेला पोचून संपतो न संपतो तोच 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून' सुरू होते. एक मिनिट आणि काही सेकंदांचे गाणे. कुणी एक सुखवस्तू छेलबटाऊ आपला आठवडा कसा मजेत जातो ते सांगतो आहे, आणि आवाज येतो आहे जुन्या कर्ण्यातून आल्यासारखा. त्यासाठी मर्क्युरीचे गाणे हेडफोनमधून एका पत्र्याच्या डब्यात सोडले आणि डब्यातला आवाज पुन्हा मुद्रित केला. शिव्याशापांच्या पाठोपाठ ही चहाच्या कपातली मस्ती. पहिल्या पाच मिनिटांतच कळते की ही माणसे कुठल्याही एका मनःस्थितीत आपल्याला बसू देणार नाहीत.

तिसरे गाणे टेलरचे, मोटारीवरच्या प्रेमाचे. मेने ते प्रथम ऐकले तेव्हा त्याला वाटले टेलर चेष्टा करतो आहे. टेलर मात्र जीव तोडून गायला, आणि शेवटी स्वतःच्या मोटारीच्या इंजिनाची घरघरही जोडली. आमच्या जुन्या खात्यातल्या माणसाला यात वेगळाच रस. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची सुटी तबकडी निघाली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला हे मोटारीचे गाणे होते. लोकांनी तबकडी घेतली पुढच्या गाण्यासाठी; पण मानधनाचा नियम असा की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना वाटा सारखा. त्यावरून चौघांत पुढे बरीच वर्षे धुसफुस चालू होती. मागच्या बाजूला बसून पुढच्याइतके व्याज खाणारे खाते मी तरी दुसरे पाहिले नाही.

'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे डीकनने आपल्या पत्नीवर लिहिलेले साधे, गोड गाणे. त्यातला विजेवरचा पियानो वाजवायला मर्क्युरी तयार नव्हता, त्याला त्याचा आवाज आवडत नसे. मग डीकन स्वतःच शिकला आणि त्याने वाजवला.

पाचव्या गाण्यावर मात्र जरा थांबायला हवे. 'थर्टी-नाइन' ऐकताना वाटते, खलाशांचे लोकगीत चालले आहे: साधी गिटार, चार जणांचा सूर, बोटीवरून दूर निघालेली माणसे. नीट ऐकले की लक्षात येते, हे खलाशी अवकाशात गेले आहेत. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचा काळ मंद चालतो, हा आइन्स्टाइनचा सिद्धांत. जाणाऱ्यांच्या हिशेबाने एक वर्ष गेले आणि घरी परत येतात तो इथे शंभर वर्षे उलटलेली. बायको केव्हाच गेली, समोर उभे आहे ते तिचे वंशज. भागवतातला रेवतीचा बाप, राजा ककुद्मी, मुलीला वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, घटकाभर गाणे ऐकत थांबला आणि खाली पाहतो तो युगे लोटलेली. मनात योजलेले सगळे वर नातवंडा-पतवंडांसह मातीत मिळालेले. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. पण ती खगोलभौतिकीच्या विद्यार्थ्याने लोकगीताच्या चालीत लिहावी, आणि ऐकणाऱ्याने ताल धरत धरत एकदम गप्प व्हावे, ही करामत मेची. गातोही तोच. त्याचे अर्धवट संशोधन पुढे २००७ साली पुरे झाले आणि त्याला डॉक्टरेट मिळाली. विषय होता सूर्यमालेतली धूळ.

'स्वीट लेडी' मला कधीच फारसे आवडले नाही. ठेका अवघड आहे, गाणे नाही. त्यानंतरचे 'सीसाइड राँदेव्हू' मात्र मुलांना मुद्दाम ऐकवावे. समुद्रकिनाऱ्यावरचा बँड वाजतो आहे, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्युबा सगळे आहे, असे वाटते. वाद्ये नाहीतच. मर्क्युरी आणि टेलर तोंडाने ते आवाज काढतात. मधे नाचणाऱ्याच्या बुटांचा खटखटाट येतो, तो म्हणजे शिंपी बोटात घालतात त्या अंगुस्तान्यांनी स्टुडिओतल्या टेबलावर केलेला आवाज. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर यांनी अभिमानाने छापले होते की आत कुठेही सिंथेसायझर वापरलेला नाही. हातानेच सगळे करायचे, आणि ते हातचलाखीसारखे दिसू द्यायचे, हा यांचा बाणा.

जुन्या तबकडीवर इथे बाजू पालटावी लागे. दुसरी बाजू उघडते ती आठ मिनिटांच्या 'द प्रॉफेट्स साँग'ने. मेला पडलेल्या जलप्रलयाच्या स्वप्नावरून हे सुचले. मध्यावर सगळी वाद्ये थांबतात आणि एकटा मर्क्युरी उरतो. तो एक ओळ गातो, फितीवरून तीच ओळ थोड्या वेळाने परत येते, तो तिच्यावर दुसरी गातो, त्या दोन्ही पुन्हा येतात. स्वतःच्याच प्रतिध्वनीशी चाललेली ही जुगलबंदी हेडफोन लावून ऐकावी. आवाज डाव्या कानातून उजव्या कानात फिरतो. ख्यालगायन ऐकणाऱ्यांना ती लांबण वाटणार नाही, इतरांना थोडी वाटेल. ते वादळ कुठे थांबले हे कळायच्या आत पियानो 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू करतो. यात हार्प आहे, ती मेने वाजवली. वाद्य लवकर बेसूर होई, म्हणून एकेक स्वरगुच्छ वेगळा वाजवून तो जोडत गेला. पुढे मैफलींत हे गाणे श्रोतेच म्हणू लागले; १९८५ साली रिओच्या मैदानात जमलेल्या प्रचंड समुदायाने ते म्हटले, मर्क्युरी नुसता हात हलवत उभा होता.

आता माझे आवडते. 'गुड कंपनी'. साडेतीन मिनिटांच्या आतले, मेने लिहिलेले आणि त्यानेच गायलेले. बँजोसारखे एक छोटे चार तारांचे वाद्य खुडखुडत असते आणि मागे १९२०-३०च्या काळातला जॅझचा ताफा वाजत असतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, एकेकाची लकब वेगळी. पण पुन्हा तेच: ताफा नाहीच. सगळी वाद्ये म्हणजे मेची एकच गिटार. एकेका वाद्याच्या जागा त्याने अभ्यासल्या आणि काही ठिकाणी एकेक स्वर वेगळा मुद्रित करून तो ताफा उभा केला. ती गिटारसुद्धा बाजारची नव्हे. मे शाळेत असताना, १९६३च्या सुमारास, त्याने आणि वडिलांनी मिळून ती घरी बनवायला घेतली. शेकोटीवरच्या जुन्या लाकडी फळीतून तिचा दांडा निघाला, मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि विणकामाची सुई तिच्यात गेली. हे नाराज झालेले वडील ते हेच.

गाण्यातली गोष्ट अशी: वडील मुलाला सांगतात, आपल्या माणसांना जप आणि चांगल्यांच्या संगतीत राहा. मुलगा मोठा होतो, मित्र जमतात, शेजारच्या मुलीशी लग्न होते. मग मित्र एकेक करून नाहीसे होतात. धंदा वाढतो, नाव होते, सगळा दिवस कामात जातो, आणि एके दिवशी स्वतःची लिमिटेड कंपनी उभी राहते. बायको केव्हा दुरावली ते त्याला कळतही नाही. म्हातारपणी तो पाइप ओढत बसला आहे, पाहायला कोणी नाही, आणि वडिलांचे वाक्य आठवते आहे. इंग्रजीत 'कंपनी' म्हणजे सोबतही आणि पेढीही. सगळे गाणे त्या एका श्लेषावर उभे आहे. मराठीत आपण कोणाला 'कंपनी द्यायला' जातो आणि 'कंपनीत' कामालाही जातो, त्यामुळे श्लेष आपल्यालाही लागतोच.

शाखेत असताना असे चालू खातेदार मी पाहिले आहेत. कारखाना मोठा, ओव्हरड्राफ्ट मोठा, मॅनेजरच्या केबिनमध्ये मान मोठा. काम दहा मिनिटांचे, पण ते चाळीस मिनिटे बसत. चहा दुसऱ्यांदा घेत. पासबुक पुन्हा उघडून बघत. त्यांना घाई नसे, कारण जायचे कुठे हा प्रश्न असे. मी त्यांच्यावर एक कादंबरी लिहायला तीनशे पाने घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या मेने ते साडेतीन मिनिटांच्या आत सांगितले, आणि वर ताफा वाजवून हसवलेही. गंमत अशी की त्या ताफ्यात दुसरा वादक नाहीच. तो आनंदी गलका एका माणसाने एकट्याने बसून केलेला आहे. ही योजना मेने जाणून केली की नाही, याने मला फरक पडत नाही. एकदा हे कळले की ते गाणे पूर्वीसारखे ऐकू येत नाही.

कलेक्टरसाहेबांविषयी आता थोडक्यात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर लागणार नाही असे जाणकारांनी सांगितले होते. केनी एव्हरेट या लंडनच्या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा लावले. नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी एड्सच्या आजाराने गेल्यावर पुन्हा पाच आठवडे. मधल्या ऑपेराच्या भागात स्कारामूश, गॅलिलिओ, फिगारो, बिस्मिल्ला अशी नावे आणि शब्द एकमेकांवर आदळतात. ती गर्दी फक्त तीन कंठांची आहे. मर्क्युरी, मे आणि टेलर यांनी तेच तेच पुन्हा गाऊन थरावर थर चढवले. फीत इतक्यांदा फिरली की उजेडात धरली तर आरपार दिसू लागली. अर्थ काय, हे मर्क्युरीने कधी सांगितले नाही, आपणही विचारू नये. एक मुलगा आईजवळ अपराध कबूल करतो, मग त्याचा खटला भुताखेतांच्या तमाशासारखा चालतो, मग तो चिडतो, मग थकतो. एवढे ऐकू येते आणि पुरते. मैफलीत हा मधला भाग तिघांना गाता येण्यासारखा नव्हता. तेव्हा ते ओठ हलवत उभे राहिले नाहीत. चौघेही रंगमंचावरून आत निघून जात, फीत वाजे, आणि गिटारचा भाग आला की बाहेर येत.

त्या गाण्याच्या शेवटी झांजेचा एक मंद टोला पडतो. आता संपले असे वाटते आणि ढोल घुमू लागतात. बारावे गाणे म्हणजे शब्द नसलेले ब्रिटिश राष्ट्रगीत, मेच्या थरावर थर दिलेल्या गिटारांवर. इंग्लंडातल्या नाट्यगृहांत आणि चित्रपटगृहांत खेळ संपल्यावर ते वाजवण्याची प्रथा बरीच वर्षे होती. आपल्याकडेही सिनेमाच्या शेवटी 'जन गण मन' होई आणि काही लोक दाराकडे पळत, ते अनेकांना आठवत असेल. ज्या चौकडीचे नावच 'क्वीन' तिने राणीचे गीत वाजवले, तेव्हा उठून उभे राहावे की हसावे? वादन इतके मनापासून केलेले आहे की ठरवता येत नाही. ३ जून २००२ रोजी, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी मैफलीची सुरुवात याच धुनेने झाली. पंचावन्न वाटचालींच्या आसपास पोचलेला ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर वाऱ्यात उभा राहून वाजवत होता, आणि गळ्यात तीच शेकोटीच्या लाकडाची गिटार होती.